वीस बायकांची सावड

आमच्याकडं सावड बांधाला बांध लागून असायची. चार शेतांच्या चार बायका. आज तुझ्या रानात खुरपणी, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नसे, आपली पाळी फेडायची एवढंच. आम्ही चौघी फार चांगल्या होतो असं मुळीच नाही. माझी शेजारीण एक नंबरची भांडकुदळ, बांध कोरण्यावरून आमच्या शिव्या ठरलेल्या. पण ती पाळी चुकवत नसे. बाई तापानं पडली आहे की स्वतःच्या तुरीत खुरपते आहे, ते मला बांधावरून दिसत होतं, हे तिला माहीत होतं.

नव्वद सालाच्या आगेमागे तालुक्याहून एक साहेब आले. चावडीपुढं बायका बसवून म्हणाले, "चार जणींनी काय होणार? सगळ्या गावाची एकच सावड करा. मोठा गट, मोठी ताकद." पाळीच्या चिठ्ठ्या टाकल्या. वीस बायका, आणि माझी चिठ्ठी शेवटची.

त्या साली नवऱ्याचा पाय बैलगाडीखाली येऊन मोडला होता. घरात खुरपं धरणारी मी एकटी. तीन एकर कपाशी सगळी सावडीच्या भरवशावर.

शेजारणीनं तेव्हाच टोकलं, "अवं, वढ्यापल्याडच्या बायका तुला दिसतात तरी का? त्यांचा काय भरवसा?"

"तुझं तर बिलकुल कुणाशीच पटत न्हाई," मी तिच्यावरच खेकसले. हा माझा मूर्खपणा, दुसऱ्या कुणाचा नाही.

मी एकोणीस रानं खुरपली. सुरुवातीला सगळ्या आल्या. मग जिचं रान उरकलं तिला दुखणी सुरू झाली. ओढ्यापलीकडच्या एकीचं रान दुसऱ्याच दिवशी झालं होतं. तिचा रोज निरोप, कंबर धरली. कंबर खरंच धरली का, ते बघायला ओढा ओलांडून कोण जाणार? ती येत नाही तर मी कशाला मरू, असं म्हणत आणखी चौघी गळाल्या, मग आणखी.

माझ्या दिवशी तिघी आल्या. त्याच, बांधावरच्या.

"बाकीच्या कुठं हायेत?" मी विचारलं.

"घरी. बस खाली, खुरपं चालव. शिव्या मंग दे," शेजारीण म्हणाली.

तोवर केन्याचं तण गुडघ्याला लागलं होतं. हात सोलेपर्यंत आम्ही खुरपलं. निम्मं रान वाचलं. उरलेल्यात कपाशी हुडकावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी मी ओढा ओलांडला. कंबरवाली बाई दुसऱ्याच्या रानात रोजानं मुगाच्या शेंगा तोडत होती, चांगली वाकून.

"कंबर बरी दिसती गं तुझी."

ती म्हणाली, "मावशी, बाकीच्याबी न्हाई आल्या. मलाच कामून बोलता?"

या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कारण सोळाही जणी तेच म्हणू शकत होत्या.

दिवाळीनंतर साहेब परत आले. सगळं ऐकून म्हणाले, "बायकांत एकीच नसते."

मी उभी राहिले. "एकी होती, साहेब. चार जणींची होती. तुमच्या चिठ्ठ्यांनी ती सावड मोडली."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वर्षी आणखी बैठका घेऊ म्हणाले. माझ्या कपाशीचं काय, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या साली आम्ही पुन्हा चौघीच. खुरपणीच्या तोंडाला कंबरवाली बांधावर येऊन उभी राहिली. "मावशी, मला घ्या तुमच्यात. आमच्याकडं आता कुणीच कुणाकडं जाईना."



"आधी आमची चारी रानं खुरप. मंग तुझं," मी म्हणाले.

"एवढाबी भरवसा न्हाई व्हय माझ्यावर?"

"न्हाई."

ती निघून गेली. त्या साली तिचं रान तणात गेलं. आता माझी सून हे ऐकून विचारते, तुम्हाला वाईट नाही वाटलं का? नाही वाटलं. माझी कपाशी गेली तेव्हा ती शेंगा तोडत होती.