कडुनिंबाचं दार

आमच्या झोपडीला आधी दार नव्हतं. तुरकाठ्यांची ताटी आडवी लावायची आणि तिला दगड टेकवायचा. माय मजुरीला गेली की कुत्री ताटी ढकलून भाकरी पळवायची. मग आम्ही भावंडं अंबाडीची भाजी नुसतीच खायचो. सातपुड्याच्या पायथ्याची ती जमीन आजोबांनी दगड वेचून कसली, पण सरकारदरबारी ते जंगलच राहिलं. आबांनी, माझ्या बापानं, एक हंगाम गुजरातेत ऊस तोडला आणि दोंडाईच्याच्या बाजारातून कडुनिंबाचं जुनं दार आणलं, चौकटीसकट, कडीसकट. जंगलातलं लाकूड नको, उगाच गुन्हा नको, म्हणून मुद्दाम विकतचं.

मग निरोप आला, जंगल खात्याचे साहेब पाहणीला येणार. आम्हाला वाटलं, जमीन नावावर होणार. मायनं अंगण सारवलं. आबांनी साहेबांना सगळे बांध फिरून दाखवले, अगदी ओढ्याकाठचा नवा तुकडासुद्धा. साहेबांनी चहा घेतला. "छान ठेवलंय," म्हणाले.

बाजरी दाण्यावर आली तेव्हा तेच साहेब पोलीस घेऊन आले. उभ्या बाजरीत गुरं सोडली. घराच्या मेढी उपटून, "सरकारी लाकूड" म्हणत ट्रकमध्ये टाकल्या. आबा आडवे गेले, तर लाठीनं त्यांचं मनगट मोडलं. शिपाई उखडून पडलेलं दार उचलायला आले आणि माय दारावर जाऊन बसली. "साहेब, हाई इकत लेयेल शे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाठीवर काठ्या बसल्या, तरी उठली नाही. शेवटी साहेब हसले, "राहू द्या. घरच नाही, तर दाराचं करतील काय?"

पाड्यावरच्या माणसांनो, तुमची घरंही त्याच दिवशी गेली. तुमच्यातले काही नातेवाइकांकडे राहिले, काही डोंगरात वर सरकले. आम्ही सुरतेजवळच्या उधन्याची पॅसेंजर धरली, दार घेऊन. डब्यात एक म्हातारा म्हणाला, "दार तं ली चालनात भाऊ, भिती कोठे शेतस?" सगळा डबा हसला. आबाही हसले. त्यानंतर मी त्यांना फारसं हसताना पाहिलं नाही.

तिथं नवागाम वस्तीतल्या भाड्याच्या खोलीला पत्र्याचं दार होतं. आमचं दार विटांवर आडवं टाकलं. दिवसा त्यावर साड्या पसरून माय आणि मी धागे कापायचो, रात्री आबा झोपायचे. मनगट वाकडं जुळलेलं. लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, तुटलेला धागा बांधता येईना, म्हणून ते गाठोडी वाहायचे. घरमालकीण टोकायची, दार विकून टाका, जागा अडते म्हणून, "आ बारणुं वेची नाखो ने, बेन, जग्या रोके छे." माय म्हणायची, "इकाले नही. ते उभं करनं शे माले."

त्याच दारावर बसून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी मान वर करून सांगते. जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात ऑफिसची नोकरी लागली. नवागाममध्येच थोडी जागा घेतली आणि भिंती उभ्या केल्या. आबा तोवर गेले होते. मिस्त्री आपल्याच खान्देशातला. दार बघून म्हणाला, "काकी, हाई वाकनं शे. नवं ल्या."

"मंग भीत वाकाडी दे," माय म्हणाली.

त्यानं खरंच तेवढी भीत दाराच्या मापानं तिरकी घेतली.

मागच्या महिन्यात घरपट्टीसाठी पाहणीला माणूस आला. गल्लीत 'पाहणी' शब्द ऐकला आणि मायनं आतून कडी लावली, दाराला पाठ लावून बसली. मी बाहेर त्या माणसाशेजारी उभी. हाका मारल्या, "माय, उघड ना. तो मोजायला आलाय, पाडायला नाही."

आतून आवाज आला, "तवय बी मोजालेच उना व्हता."

मी बाहेरून दारावर थाप मारली. अशा वेळी मायला काय सांगायचं, ते बी.ए.ला शिकवत नाहीत. त्या माणसानं थोडी वाट पाहिली, बाहेरूनच टेपनं माप घेतलं, बंद दारावर लाल रंगानं घरनंबर काढला आणि पुढच्या घराकडे गेला. रंग वाळल्यावर मायनं कडी काढली. नंबरावरून बोट फिरवून विचारलं, "हाऊ आपलाच ना?"

ती जमीन काही परत मिळाली नाही. तुमच्यातलं कुणी गेलं असेल तर कळवा, तिथं आता काय उगवतं ते. इथं नवागामात मायच्या नावावर एक खोली आहे. तिला दार आहे, आणि त्याची कडी आतून लागते.