टाकी अर्ध्याखाली नको

पेट्रोलवरचा टॅक्स सरकारने वाढवावा की नाही, हे मला कोणी विचारलेलं नाही. पण कामाला जाताना गाडी माझी असते, म्हणून या विषयावरचे किस्से माझ्याकडेच साठतात. मागच्या सीटखाली बिस्किटांचा चुरा साठतो तसे. कितीही झाडा, परत तेवढेच.

गाडीत आम्ही तिघी. मी, साताऱ्याच्या मंदाताई, आणि देशातून इथे परदेशात शिकायला आलेली, मग इथेच राहिलेली प्रीती. फ्लॅट बुशहून निघायचं, सॅलड पॅक करायच्या कारखान्यात पहाटेची शिफ्ट. घरी नवरा आणि पाच वर्षांची इरा. इराला दमा आहे. तो कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून गाडीची टाकी मी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. टॅक्स वाढला तर मला हे जमणार नाही. बाकीचं राजकारण ज्याचं त्याने बघावं.

*

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात समीरदादा बोलले. पुण्याचे, आयटीतले, राहायला आमच्यापासून लांब, हिल्सबरोला.

"टॅक्स वाढलाच पाहिजे. महाग झाल्याशिवाय लोक बसने जात नाहीत."

दादांची गाडी विजेवर चालते आणि काम घरातून चालतं.

प्रीती म्हणाली, "दादा, आम्ही निघतो तेव्हा बस झोपलेली असते."

"मग शिफ्ट बदलून घ्या ना."

जणू शिफ्ट म्हणजे साडी, दुकानात जाऊन बदलून आणायची! माझं डोकं फिरलं, पण तोंडात पुरी होती.

मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "घेऊ की. मग तुमचं दुपारचं सॅलड तुम्ही रात्री खा."

*

त्याच जेवणातून दादांच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, चिवड्याचा डबा दिला. आता डबा रिकामा परत कसा द्यायचा? मी नारळाच्या वड्या केल्या आणि मोटरवेवरून थेट हिल्सबरोला गेले.

वहिनींनी वड्या काढून घेतल्या, डबा धुतला, त्यात चकल्या भरल्या आणि परत माझ्याच हातात दिला.

घरी आल्यावर नवरा डब्याकडे बघून म्हणाला, "सरकारला सांग, टॅक्स या डब्यावर लावा."

मी हसले नाही. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर टेकला होता.

*

मंदाताई पेट्रोलचे पैसे देऊ करतात. आपल्यात असे पैसे घेतात का? मी नाही म्हणते. मग त्या परसातली मेथी आणतात. दर आठवड्याला, पिशवी भरून.

परवा पंपावर भाव बघून मी चिडून म्हणाले, "ताई, ही गाडी मेथीवर चालत नाही हो."

बोलून गेले आणि जीभ चावली.

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणून तर पैसे देत होते, बाई."

*

बसने जाऊन बघितलं नाही असं कोणी म्हणू नये. सुट्टीच्या दिवशी इराला घेऊन दवाखान्यात निघाले. साधी तपासणी होती. पहिली बस आली. वाटेत बदलायची दुसरी मोबाईलवर "पाच मिनिटं" दाखवत राहिली, मग दिसायचीच बंद झाली. वारा सुटलेला, पोर खोकतंय, मी माझं जॅकेट तिच्यावर घातलं.

शेजारी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डार्लिंग, ही बस रोज अशीच करते. तुझ्याकडे गाडी नाही का?"

आता समीरदादांना कुठून शोधून आणू?

*

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. इराला धाप लागली होती, दम्याचा पंप देऊनही छाती वाजत होती. मी हातमोजे कारखान्यातच टाकले आणि निघाले. शाळेतून तिला घेतलं, मागे बसवलं आणि दवाखान्याकडे गाडी काढली. मोटरवे तुंबलेला. गाड्या जागच्या हलेनात, इंजिन नुसतं चालू. मी आरशात तिला बघतेय आणि तोंडाने सरकारला, रस्त्याला, पेट्रोलला शिव्या देतेय.

मराठी तिला सगळं कळतं. बोलते मात्र इंग्रजीत.

"आई," ती मागून म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "वी कॅन टेक द बस. आय विल ब्रीद स्लोली, टिल इट कम्स."