पोटुशी चितळीण

“शिंगं नको पाहू, पोट पाह्य,” असं म्हणत सिस्टरबाई माझी हनुवटी धरायच्या आणि माझं तोंड कळपातल्या माद्यांकडे वळवायच्या. चितळांचा कळप तुम्हीही पाहिला असेल. आपली नजर आधी नराच्या शिंगांवर जाते. त्यांची कधीच गेली नाही.

वर्ध्याच्या एका दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती. मी वनरक्षक म्हणून त्यांच्या गावात आले, समोरच्या खोलीत भाड्यानं राहिले, तेव्हा त्या निवृत्त होऊन घरी होत्या. गावामागे नाला आणि पलीकडे जंगल. संध्याकाळी मी फेरीला निघाले की त्या चपला घालून तयारच असायच्या.

“हे भरली हाय. ते तिकडची अजून कवळी हाय, पुढच्या साली पाहू.” वॉर्डात राऊंड घेतल्यासारखं चालायचं. एखादा नर रुबाबात पुढे आला तर म्हणायच्या, “तू बाहेर थांब बापू. तुह्यं काम झालं.”

एका वर्षी पाऊस लवकर आटोपला. हिवाळ्यातच नाला कोरडा पडला, गवत करपलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी कळपात पाडसं दिसेनात. बिबट्यानं नेली असतील, असं मी म्हटलं.

“बिबट खाते, पण आधी जन्मले तं पाह्यजेन,” त्या म्हणाल्या. “हिले एका वेळी एकच पिल्लू. आईच उपाशी, तं पोटात काय वाढीन? जन्मलं तरी दूध कुठून येईन? अन् वरून गावातली कुत्री पिटाळून राह्यली. जीव घेऊन पळते ते, पोटातलं कसं टिकीन पोरी?”

मग त्या घरोघरी फिरल्या. “कुत्रं बांधून ठेवा. बाळंतीण हाय म्हणून समजा.” लोक हसले, पण बहुतेकांनी बांधली. गावातल्या निम्म्या पोरांना पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं होतं. स्वतःच्या वावराच्या कडेला, नाल्याजवळ, त्यांनी एक उथळ टाकं बांधून घेतलं. आपल्या विहिरीचं पाणी त्या त्यात सोडायच्या.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. कळप टाक्यावर यायला लागला आणि हिवाळ्यात माद्यांची पोटं डोळ्यात भरू लागली. घरात सुनेला दिवस गेल्यासारखी त्यांची लगबग चालली होती.

पण पाणी पिऊन कळप शेजारच्या हरभऱ्यात शिरायचा. तो हरभरा त्यांच्या दिराचा. नवरा तरुणपणी गेला तेव्हा याच दिरानं त्यांना सांभाळलं होतं. त्यांच्या ड्युटीच्या वेळेला तो सायकलवर बसवून फाट्यापर्यंत सोडायचा. त्यांच्या मुलाला त्यानंच मोठं केलं.

“वैनी, पाणी तुमचं अन् चारा माहा?” तो एकदा म्हणाला.

“माह्या वावरातलं पीक घ्या भाऊजी. पण करंटची तार नका लावू.”

तो पाठ फिरवून वावराकडे निघाला.

एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. पायात चप्पल नव्हती. “चाल,” एवढंच म्हणाल्या. नाल्याच्या काठी चितळीण पडली होती, वावरातून कोणीतरी ओढत आणलेली. तार गुंडाळून नेली होती, पण पायावर करंटचा काळा डाग होता. सिस्टरबाई गुडघ्यावर बसल्या आणि दोन्ही तळवे तिच्या पोटावर ठेवून राहिल्या. कितीतरी वेळ. मग त्यांनी हात काढले.

“दिवस भरले होते,” त्या म्हणाल्या. “आतलं बी गेलं.”

मी काही विचारलं नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याच बोलल्या. “तार माह्या दिरानं लावलती. लिहून घेजो.”

मी लिहून घेतलं. दिराला अटक झाली, मग जामीन झाला. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला असलेला मुलगा धावत आला. “एका जनावरासाठी काकाले, आई?” त्यानं विचारलं.

“ते पोटुशी होती,” त्या म्हणाल्या.

तो जेवायला न थांबता निघून गेला. दिराचं घर भिंतीला भिंत लागून होतं; मधलं दार त्या दिवशी त्याच्या बाजूनं लागलं.

संध्याकाळी त्या माझ्याबरोबर यायच्या थांबल्या. एकदा मी बोलवायला गेले, तर म्हणाल्या, “पाणी मीच ठेवलं. त्याच्या हरभऱ्यावर मीच सोडलं त्यायले. अन् फसला तो.” पुढे मी त्यांना बोलवलं नाही.

वर्ध्याच्या कोर्टात साक्षीच्या दिवशी वकिलांनी विचारलं, आरोपी तुमचे कोण? “तो होता म्हणून मी जगली,” त्या म्हणाल्या. मग सगळं खरं खरं सांगितलं. पदराला डोळे पुसून त्या बाहेर आल्या आणि दिराच्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला बसल्या. “भाऊजी, गाडीची वेळ झाली,” एवढं म्हणाल्या. त्यानं मान वळवली नाही. दोघं एकाच एसटीनं गेले, पुढच्या आणि मागच्या सीटवर.

निकाल लागायच्या आधीच सिस्टरबाई गेल्या. झोपेतच. मुलगा पोचेपर्यंत दीर उंबऱ्यात बसून होता.

त्यानंतरच्या तारखेला मी कोर्टात पोचले, तेव्हा तो एकटाच त्याच बाकाच्या टोकाला बसला होता. मी दुसऱ्या टोकाला, सिस्टरबाई बसल्या होत्या तिथं, टेकणार, तोच त्यानं बाकावर हात ठेवला.

“तिथं नको बसू, बाई,” तो म्हणाला.

मी उभीच राहिले.