शुक्रवारी जळणारे चार्जर

‘पाणी गेलं असेल साहेब. आमचे मामा गाड्या पाइपने धुतात, चार्जर चालू असतानाच,’ असं मी म्हणालो. मी ते कधीही पाहिलं नव्हतं. तरी म्हणालो, आणि तेही सगळ्यांसमोर.

भिवंडीत दापोड्याच्या रस्त्याला आमचं गोडाऊन आहे. कापडाचे तागे इथून इलेक्ट्रिक तीनचाकी टेम्पोंमधून आसपासच्या दुकानांना आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसना जातात. गाड्यांचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. चार्जिंग शेड मीच उभी केली. भिंतीला फळी, फळीवर चार्जर, खाली सॉकेट. चार्जर म्हणजे तुमच्या मोबाईलच्या चार्जरचा धिप्पाड भाऊ. भिंतीतली वीज बॅटरीला जशीच्या तशी चालत नाही, ती पचेल अशी करून देणं एवढंच त्याचं काम.

ते चार्जर एकामागून एक जायला लागले होते. दुपारी गाडी लावायची, थोड्या वेळाने ‘फट्’ आवाज, जळका वास, आणि गाडी उभी. शेठनी कंपनीला फोन केला. कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर देशमुख ठाण्याहून आले. त्यांनी शेडकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, ‘अर्थिंग कुठाय?’

अर्थिंग अर्धवट होतं. खड्डा खणून ठेवला होता, पुढचं काम मी ‘नंतर बघू’ म्हणून ढकललं होतं. शेठ बाजूलाच उभे होते. मी घाबरलो, आणि माझ्या तोंडून ते पाण्याचं वाक्य गेलं.

जगनमामा तिथंच होते. मानकोली गावचे, साठीला टेकलेले. गाड्या लावणं, काढणं, धुणं हे त्यांचं काम. ते एवढंच बोलले, ‘सायेब, मी गारी भायेर काढल्याबिगर पानी मारत न्हाय.’

शेठनी ऐकून घेतलं नाही. ‘मामा, कल से लोडिंग पे जाव. इधर तुम्हारा काम नहीं.’

लोडिंग म्हणजे ताग्यांच्या गाठी टेम्पोत चढवणं. तरण्या पोरांची कंबर धरते तिथं. दुसऱ्या दिवशीपासून मामा तिथं उभे राहिले. येताजाता मला दिसायचे. मी फोनवर बोलत असल्याचं नाटक करत पुढं जायचो.

चार दिवसांनी कंपनीचा मेल आला. पाण्यामुळे बिघाड, चुकीचा वापर, वॉरंटी लागू नाही. मी दिलेलंच कारण त्यांनी नीट इंग्रजीत करून परत पाठवलं होतं.

अर्थिंग मी गुपचूप पुरं करून घेतलं. मनात म्हटलं, आता चार्जर जाणार नाहीत आणि विषय संपेल. शेठनी स्वतःच्या खिशातून नवे चार्जर आणले. त्यातलाही एक फुटला. काही दिवसांनी दुसरा.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘गायकवाड, मामा तर लोडिंगला आहे. आता पानी कोण मारतो? तू?’

‘नाही शेठ.’

‘फिर? तीन गाड्या उभ्या आहेत. पार्टी बोंबलते. असाच चालला तर शेड बंद करतो आणि डिझेलच्या गाड्या परत आणतो. मग तुझं इथं काम काय?’

मनात दाबून ठेवलेलं मला तिथं उभ्या उभ्या मान्य करावं लागलं. मामांचा हात लागत नसताना चार्जर जळत होते, अर्थिंग नीट असतानाही जळत होते. मामांना मी उगाचच गाठींखाली घातलं होतं.

मग तिसरा गेला. मी देशमुखांना फोन लावला आणि तावातावाने सुरुवात केली.

‘अहो गायकवाड, ओरडताय कशाला? मला ऐकू येतंय,’ ते म्हणाले.

खरंच, मी ओरडत होतो. सवयच आहे. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, शेड आहेत. त्यांच्या खडखडाटात फोनवर साधं बोलणं जमतच नाही. पण त्या दिवशी खडखडाट नव्हता. शुक्रवार होता. शुक्रवारी लूमला सुट्टी.

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. मागचा चार्जर कधी गेला होता? त्या दिवशी मी धामणकर नाक्यावर स्पेअर आणायला गेलो होतो आणि जुम्म्याच्या नमाजाच्या गर्दीत अडकलो होतो. त्याच्या आधीचा? तेव्हाही लूमवाले कारागीर टपरीवर निवांत बसलेले होते. सगळे शुक्रवार.

हे जरा सोपं करून सांगतो. चाळीत सगळ्यांचे नळ चालू असले की आपल्या नळाला करंगळीएवढी धार येते. सगळ्यांनी नळ बंद केले की तीच धार बादली उडवते. विजेचंही काहीसं असंच. शेकडो लूम चालू असताना आमच्याकडे व्होल्टेज पडलेलं असतं. आम्ही भिवंडीकर कमी व्होल्टेजलाच घाबरतो, जास्त व्होल्टेजचा विचारही मनात येत नाही. शुक्रवारी लूम बंद, आणि व्होल्टेज चढतं.

मी मीटर आणून सॉकेटला लावला. २५६. एरवी दोनशेच्या आसपास रडत असतो.

मग चार्जर उलटा करून लेबल वाचलं. इतके दिवस ते वाचायची बुद्धी झाली नव्हती. १७० ते २७० व्होल्ट. म्हणजे २५६ ला हा चार्जर निवांत चालायला हवा. हे कंपनीने स्वतःच छापलं होतं.

केबिनमध्ये जाऊन मी पुन्हा फोन लावला. ‘देशमुख साहेब, पुढच्या शुक्रवारी या. येताना तुमच्या स्टोअरमधला एक कोरा चार्जर आणा.’

‘येतो, पण वॉरंटीचं विसरा. पाणी गेलं हे तुम्हीच सांगितलंय.’

शेठ समोर बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, ‘साहेब, ते मी खोटं सांगितलं होतं. अर्थिंग माझं राहिलं होतं, म्हणून मामांवर ढकललं.’

शेठनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘शाब्बास,’ ते म्हणाले. तसलं शाब्बास शत्रूलाही मिळू नये.

शुक्रवारी देशमुख आले. अर्थिंग तपासलं, ठीक होतं. शेड कोरडी ठणठणीत होती. धुण्याचा पाइप मी गुंडाळून केबिनमध्ये ठेवला होता. त्यांनी आपला चार्जर स्वतःच्या हाताने लावला. मीटर सॉकेटवर, आकडा सगळ्यांना दिसेल असा. आम्ही खुर्च्या टाकून बसलो. चहा आला, चहा संपला.

‘बघा, काही होत नाहीये,’ देशमुख म्हणाले.

फट्!

शेठ खुर्चीतून उठलेच. ‘अब बोलो देशमुख! इसमें भी मामाने पानी डाला?’

देशमुखांनी सील तोडून चार्जर उघडला. आत कपॅसिटर असतो, वीज सपाट करणारा छोटा डबा. तो फुगून फाटला होता. देशमुखांनी त्यावर छापलेला आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि मान हलवली. लेबलवर जेवढ्या व्होल्टेजची हमी होती, तेवढं सोसणारा कपॅसिटर आत घातलाच नव्हता. आमचे जळलेले चार्जर उघडले, त्यांतही तोच; सगळ्या लॉटमध्ये हलका माल होता. त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. ‘साईटचा फॉल्ट नाही. आपला आहे,’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यासारखं गोड गाणं मी ऐकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा टेम्पो आला. जळलेले आणि न जळलेले, सगळे चार्जर बदलून मिळाले. शुक्रवार आला, लूम थांबले, मीटर चढला. फळीवरचे हिरवे दिवे एका ओळीत तसेच राहिले. शेठनी पेढे मागवले.

वॉरंटीबद्दल माझा अनुभव एवढाच की, ती नाकारायला कंपनीला कारण लागतं, आणि घाबरलेला माणूस ते फुकट पुरवतो. न पाहिलेलं सांगू नये. आधी लेबल वाचावं.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी लोडिंगला गेलो. मामा गाठीवर बसले होते, कमरेला गमछा घट्ट बांधून. पोरं आजूबाजूला होती.

‘मामा, उद्यापासून शेडवर या. शेठशी बोललोय,’ मी म्हणालो.

त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. ‘पानी मी मारला नव्हता, ता मना मायीत व्हता. तुमाला कवा मायीत परला?’

खोटं बोलायची आणखी एक संधी होती. चार्जर फुटले तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं.

‘बोललो तेव्हाच माहीत होतं, मामा,’ मी हळू आवाजात म्हणालो. ‘माझी चूक झाकायला तुमचं नाव घेतलं. मला माफ करा.’

‘त्या दिशी मोठ्यानं बोलला व्हतात,’ मामा म्हणाले. ‘आता बी तसंच बोला.’

मी बॉक्स खाली ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.