पहिल्या रांगेतले रुमाल

सहलीचे फोटो चार दिवसांत फोनमध्ये खाली सरकतात. किस्से मात्र वर येत राहतात. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याला आमची सोसायटी आहे. तिथून दरवर्षी सहल निघते आणि दरवर्षी परत आल्यावर मी शपथ घेते की पुन्हा या लोकांबरोबर जाणार नाही. मग कुणाच्या तरी घरी चहाला बसलो की एक किस्सा निघतो, त्यामागून दुसरा, आणि कप खाली ठेवेपर्यंत मी पुढच्या सहलीला हो म्हणून बसलेली असते!

यंदा रत्नागिरी होती. मी गेले ती फक्त आईसाठी. वर्षभरापूर्वी आईने माझ्या फोनवर एक व्हिडिओ पाहिलेला. कासवाचं इवलंसं पिल्लू वाळूतून समुद्राकडे चाललंय, आणि ते पाण्याजवळ पोचायच्या आतच व्हिडिओ संपतो. तेव्हापासून बाई भाजी निवडता निवडता मध्येच विचारते, "पोचलं का गं ते?" आता मला काय माहीत! पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. "त्याच्या आधी एक तरी पोचलेलं बघू दे," एवढंच तिचं म्हणणं. रत्नागिरीच्या पुढे एका किनाऱ्यावर अशी पिल्लं सोडतात असं कळलं, म्हणून मी नाव दिलं.

*

आमच्या लोकांना एक सवय आहे. जागा दिसली की रुमाल टाकायचा. नाटक असो, सोसायटीची पूजा असो, नाहीतर डॉक्टरकडचा बाक. आमचे सेक्रेटरी पेडणेकर काका खिशात चार रुमाल घेऊन फिरतात आणि नाक पुसायला बायकोकडे मागतात!

निघायच्या दिवशी पहाटे बस गेटवर लागली. सीट नंबर आधीच ग्रुपवर टाकलेले. तरी मी आईला धरून वर चढले, तर झाडून सगळ्या सीटवर रुमाल. आमच्या दोन नंबरच्या सीटवर तर दोन वेगवेगळ्या घरांचे. मी वाद घालतेय तेवढ्यात ड्रायव्हर चढला, पुढे गेला आणि तिथेच उभा राहिला.

"हा कोणाचा?" स्वतःच्या सीटवरचा रुमाल दोन बोटांत धरून त्याने विचारलं.

"माझा," पेडणेकर काका म्हणाले. "म्हटलं, पुढून व्ह्यू चांगला मिळेल."

"मग काका, चावी पण घ्या!"

*

पहिल्या दिवशी मत्स्यालय. आमच्या शेजारचे जाधव काका प्रत्येक काचेसमोर थांबून मान हलवत होते. मला वाटलं, चला, एकाला तरी निसर्गाची आवड आहे. तिथला माणूस एका पट्टेरी माशाबद्दल मनापासून सांगत होता, "दिसायला सुंदर आहे, पण याच्या काट्यांमध्ये विष असतं."

जाधव काकांनी काचेला नाक लावलं.

"काटे काढून घेतले तर?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हट्टाने खाडीवर पक्षी बघायचे होते. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, बोलू नका, फोन बंद ठेवा. कधी नव्हे ते सगळे गप्प बसले. सुरूच्या झाडावर समुद्री गरुड येऊन बसला. पांढरंशुभ्र पोट, राखाडी पंख, एवढा मोठा! मी दुर्बीण पेडणेकर काकांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"घार आहे," ते मोठ्याने म्हणाले. "आपल्या बी विंगच्या टाकीवर रोज बसते. हिच्यासाठी एवढ्या लांब आणलंस?"

गरुड उडाला. मीही उडाले असते, पण पंख नव्हते.

*

मग डॉल्फिन. आईला होडीत चढवणं शक्य नव्हतं, तिला एका झावळ्यांच्या शेडखाली बसवलं. होडीवाला सहज बोलून गेला की काल डावीकडे दिसलेले. संपलं! डावीकडच्या फळीवर रुमालांचा पाऊस पडला आणि त्यावर आख्खी सोसायटी. होडी कलंडायला लागली.

होडीवाला ओरडला, "अवो, सगली येका बाजूला बसलात तर डॉल्फिन तुमाला बगायला येतील!"

शेवटी अर्ध्या लोकांना त्याने हाताला धरून उजवीकडे बसवलं. रागावून बसले बिचारे. आणि डॉल्फिन आले ते उजवीकडेच! चांगले तीन-चार, पाठी चमकवत. मी पेडणेकर काकांना म्हटलं, "काका, उठा, इकडे या!"

"अगं, उठलो की जागा गेली," काका फळी घट्ट धरून म्हणाले. "तूच बघ आणि मला सांग."

जाधव काकांनीही जागा सोडली नाही. त्यांनी पाठमोरं बसूनच खांद्यावरून शूटिंग केलं. ग्रुपवर तो व्हिडिओ अजून आहे. त्यात काकांचा कान फार सुंदर आलाय.

परत आले तर आई शेडखाली चप्पल घालून तयार. "कासवाचं आजच ना गं? नक्की ना?" मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, काहीही होऊ दे, हे चुकू द्यायचं नाही.

*

संध्याकाळी त्या किनाऱ्यावर पोचलो. कासवांचं काम बघणाऱ्या बाईंनी दोरी बांधून पिल्लांची वाट आखलेली. दोरीच्या अलीकडे आपण थांबायचं. त्यांनी "अजून थोडा वेळ आहे" म्हणायचा अवकाश, आमच्या लोकांनी दोरीला लागून वाळूवर रुमाल अंथरले, त्यावर शिंपले ठेवले आणि सगळे भजीच्या टपरीवर!

"आई, तू पण चहा घेतेस का?"

"मी इथेच बसते," आई घडीच्या स्टुलावर टेकत म्हणाली. "मला परत परत उठबस होत नाही."

दहा मिनिटांत बाईंनी पिल्लांची टोपली आणली. मी टपरीकडे धावले. "चला, सोडतायत!"

"आलो, आलो. रुमाल टाकलेत ना," जाधव काका म्हणाले. त्यांची दुसरी प्लेट तळत होती.

मी ओरडले, हात ओढले, सोसायटीतल्या वैशाली वहिनींची प्लेटच उचलली. सगळ्यांना हाकत आणलं तेव्हा बाई रिकामी टोपली झटकत होत्या. समोर दोरी, दोरीला लागून ओळीने रुमाल, आणि रुमालांच्या मधोमध एकटी आई. मलाही काही दिसलं नव्हतं. मला रडूच आलं.

"असं कसं?" पेडणेकर काका भडकले. "आमच्या जागा होत्या! थांबायचं ना!" आणि मग खाली बघून, "माझा रुमाल कोणी चुरगळला?"

"एक जण येऊन बसलेला तुमच्या जागेवर," आई म्हणाली.

"कोण? आणि तुम्ही बसू दिलंत? उठवलं नाही?"

"बाई म्हणाल्या, हात लावू नका. दमलेला हो. बसला थोडा वेळ. मग उठला आपला आपण आणि गेला."

"गेला कुठे?"

आईने पदराने डोळे पुसले आणि समोर बोट दाखवलं.

"पाण्यात. पोचेपर्यंत बघितला मी."