पांढऱ्या बल्बाखालची चांदी

बायांनो, आज दुपारपासून माझं डोकं चक्रावलंय.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. मी पैंजणाच्या कड्या जोडते. अलीकडं माझ्या कड्यांचे सांधे उघडे राहायचे, माल परत यायचा. सून म्हणाली, "आत्ती, डोळं गेलं तुमचं. बसा की आता गप." मलाही पटलं होतं.

सकाळी कामाच्या खोलीतला पिवळा बल्ब उडाला. त्या खोलीला खिडकी न्हाय. दुकानात जाऊन टिकाऊ, वीज कमी खाणारा सीएफएल मागितला. दुकानदार म्हणाला, "आज्जी, कुठल्या खोलीला? कामाला पांढरा, निजायला पिवळसर. न्हाणीत सारखं चालू-बंद, त्यानं ह्यो लवकर जातोय, तिथं साधाच ऱ्हाऊ दे." बल्बालाही खोली विचारतात!

पांढरा लावला. आधी मिणमिणला, मग हळूहळू उजळला, आणि कडीतली केसाएवढी फट मला लख्ख दिसली. पिवळ्या उजेडात चांदी पितळेगत दिसायची, फट त्यातच बुडायची. भर दुपारी मी दिव्याला हात जोडले.

एक कडी जोडून सुनेपुढं धरली. "सांधा कुठाय, दाखव." तिनं बराच वेळ उलटसुलट फिरवली. शेवटी म्हणाली, "गावंना की वो, आत्ती."

तुमच्या घरात कुणाला म्हातारं ठरवण्याआधी वरचा बल्ब कुणी बघितलाय का?