कोऱ्या ओळी

पाच वर्षं संख्याशास्त्रात पीएच.डी. करत बसलेल्या मुलीला आमच्या गावात कुणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. आधी विचारायचे. "अजून किती शिकणार?" याला उत्तरं देऊन देऊन मी इतकी चिडकी झाले की लोकांनीच नाद सोडला. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या, तिसरी मिळत नाही. प्रबंध जमा करायला सव्वीस दिवस उरले होते, नाहीतर नोंदणी रद्द.

विषय मी स्वतःच गळ्यात बांधून घेतलेला. अलिबागजवळच्या आमच्या कोळीवाड्यातल्या छोट्या होड्यांना एका फेरीत किती मासळी मिळते, आणि ती वर्षागणिक घटते आहे का, हे शोधायचं. गाइड मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, तुझा तर डेटा दारातच आहे. दारात होता, म्हणून तर मी दाराबाहेर पडले नाही. बरोबरीच्या मुली नोकऱ्यांना लागून पार लांब गेल्या, आणि ज्या किनाऱ्यावरून शिकून सुटायचं म्हणत होते त्याच किनाऱ्यावर मी रोज वही घेऊन उभी. वासावरून कुठली होडी लागली ते ओळखण्याइतकी तयार झाले होते, त्याचे मार्क मात्र कुठे मिळत नाहीत.

तीन हंगाम, एकवीस होड्या. होडी लागली की किती क्रेट उतरले ते लिहायचं, आणि जी समुद्रात गेलीच नाही तिची ओळ कोरी सोडायची. एवढी साधी वही. त्यातून निष्कर्ष आला तो असा, की फेरीमागे मिळणारी मासळी जवळजवळ तेवढीच आहे, होड्याच कमी फेऱ्या करतात. आलेख कसा सरळ, सुबक. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या शेवटचं प्रकरण लिहून टाक.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा मागल्या अंगणात जाळं सांधत होते, आई शेजारी बोंबील निवडत होती. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना निष्कर्ष सांगितला. बाबांनी हातातली सुई थांबवली.

"म्हंजे मासली हाय, आमीच जात न्हाय. असा लिवलंस तू?"

मला राग आला. आकडे खोटं बोलत नाहीत वगैरे जे काही मी पाच वर्षं ऐकत आले होते ते सगळं त्यांना ऐकवलं. वही आणली आणि आमच्याच होडीच्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवून दिवस वाचून दाखवू लागले. या दिवशी गेला नाहीस, या दिवशी नाहीस, याही दिवशी नाहीस. तिसऱ्या दिवसाला आईने मान वर केली.

"या दिशी गेलते की. हळदीला वल्या कपड्यान आलते."

माझ्या मावसबहिणीची हळद. मीही मांडवात होते. सकाळी किनाऱ्यावरही होते, आणि बाबांची होडी लागताना मी पाहिली होती. पाण्यावर हलकी, वर उचललेली. आमच्याकडे अशी होडी आली की कुणी काही विचारत नाही. बायका पाठ वळवून दुसऱ्या कामाला लागतात, आणि 'रिकामी' हा शब्द तर कुणाच्या तोंडून निघत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, शिकवावं लागत नाही. मीही तेच केलं होतं. वही हातात असून मान वळवली होती, आणि ओळ कोरी राहिली होती. एकदा नाही, तीन हंगाम, एकवीस होड्यांच्या बाबतीत. शून्य लिहायचं त्या जागी मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि संगणकाने इमानेइतबारे समजून घेतलं की होडी गेलीच नाही; रिकाम्या फेऱ्या सरासरीत आल्याच नाहीत. परगावचा कुणी विद्यार्थी असता तर निर्लज्जपणे विचारून मोकळा झाला असता. त्याचा डेटा बरोबर आला असता.

दुसऱ्या दिवशी बोटीने मुंबई गाठून मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वहीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद टाक आणि सबमिट कर, दुरुस्ती पुढे शोधनिबंधात करता येईल. वाईट बाई नव्हेत त्या. माझ्या दुसऱ्या मुदतवाढीसाठी त्याच विद्यापीठाशी भांडल्या होत्या. पण तो परिच्छेद कोण वाचणार? निष्कर्ष वाचतील, आणि कोळी आळशी झाले असं माझ्या नावाने छापून राहील. आणि दुरुस्त करायचं तर दारोदार जाऊन, जे कधी विचारत नाहीत तेच विचारायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खोदली मीच.

घरी आल्यावर खिळ्यावरची गेल्या सालची दिनदर्शिका काढली आणि बाबांपुढे बसले. तारखा त्यांना लागत नाहीत, तिथी लागतात, कारण भरती-ओहोटी तिथीवर चालते. मी तिथी वाचली.

"गेलतास?"

"गेलतो."

"किती मिळालं?"

त्यांनी जाळ्याकडे बघितलं. "काय न्हाय."

मी शून्य लिहिलं. मग पुढची तिथी, मग त्यापुढची. एका शून्याच्या दिवशी त्यांनी मला जेट्टीवर सोडलं होतं, आणि उशीर झाला म्हणून मी त्यांच्यावर खेकसले होते. हे मला आठवलं, त्यांनाही आठवलं असणार. अकराव्या शून्यानंतर त्यांनी सुई खाली ठेवली.

"बाकीची सगली शून्य लिव, बाय. मना नको ईचारू."

लिहिता आलं असतं. पण त्यातले काही दिवस इंजिन बंद होतं, काही दिवस त्यांना ताप होता. सगळी शून्यं ही सगळ्या कोऱ्या ओळींइतकीच खोटी. अजून वीस होड्या होत्या, वीस घरं होती, आणि प्रबंधाच्या उरलेल्या दिवसांत हे होणार नव्हतं हे मला पक्कं कळलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते, मी थांबेन म्हणून.

मी पुढची तिथी वाचली.